जोत्यावरून वाडा ओळखायचा: चंद्रावरचं देलाँद्र विवर कसं शोधाल?

नवी दुर्बीण घरी आली की पहिल्या आठवड्यात सगळेच चंद्रावरची टायको आणि कोपर्निकस ही विवरं बघतात. त्यात शोधावं लागत नाही काही. देलाँद्रचं तसं नाही. हे विवर सुमारे 230 किलोमीटर रुंद आहे, म्हणजे पुण्याहून सोलापूरला सरळ रेषेत जावं एवढं. चंद्राच्या आपल्याकडे असलेल्या बाजूवरच्या सर्वांत मोठ्या विवरांत त्याची गणना होते. तरीही नवख्या माणसाची नजर त्याच्यावरून दहा वेळा फिरते आणि त्याला ते दिसत नाही.

माझे यात दोन महिने गेले. मी गोल कडं शोधत होतो. नकाशात गोल दाखवलंय, तेव्हा दुर्बिणीतही गोलच दिसणार, असा माझा हिशोब. प्रत्यक्षात ते गोल कडं आता उरलेलंच नाही. जुन्या गावात वाडा पडतो, भिंती जातात, माती पसरते, मधून पायवाट निघते, कोपऱ्यात कोणीतरी नवं घर बांधतं. वाडा कुठे होता ते कळतं जोत्याच्या चार दगडांवरून आणि शेजारच्या घरांवरून. देलाँद्र असंच शोधायचं असतं. एकदा सापडलं की पुन्हा चुकत नाही.

नावाबद्दल आधीच सांगतो. रोमन लिपीत ते लिहिताना मध्ये एक आणि शेवटी एक असे दोन 'स' येतात, पण ते उच्चारायचे नाहीत. आंरी देलाँद्र हे फ्रेंच सौर खगोलशास्त्रज्ञ, 1853 ते 1948 या काळातले. सूर्याचं एकाच रंगाच्या प्रकाशात छायाचित्र घेणारं यंत्र बनवणाऱ्यांपैकी ते एक. त्याच तत्त्वावरच्या यंत्राने आपल्या कोडाईकॅनॉलच्या वेधशाळेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सूर्याची चित्रं घेतली गेली. विवराला हे नाव मिळालं 1948 मध्ये. शेजारची काही नावं 1651 पासून, रिच्चोली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाच्या नकाशापासून चालत आली आहेत. एवढ्या मोठ्या विवराला नाव मिळायला तीनशे वर्षं जास्त लागली, तेव्हा आपले दोन महिने म्हणजे काहीच नाही.

चंद्रावर झीज होते कशी?

हे समजल्याशिवाय दुर्बिणीला डोळा लावू नका, कारण काय बघायचं ते यावरच ठरतं.

चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, नदी नाही. मग 230 किलोमीटरचा खड्डा पुसट होतो कसा? सगळ्यांच्या तोंडी पहिलं उत्तर असतं ते बारीक उल्कांच्या माऱ्याचं. तो मारा सतत चालू असतो हे खरं, पण त्याने दहा लाख वर्षांत साधारण एक मिलिमीटर झिजतं. चार अब्ज वर्षांचा हिशोब केला तर चार मीटर. विवरांच्या भिंती मोजतात किलोमीटरमध्ये. म्हणजे या धूळमाऱ्याने धार बोथट होईल, भिंत पडणार नाही.

भिंत पाडली ती नंतरच्या मोठ्या आघातांनी. देलाँद्र हे चंद्रावरच्या अगदी पहिल्या पिढीतलं, नेक्टारिसचं खोरं (आघाताने झालेला प्रचंड खड्डा) घडलं त्याच्याही आधीचं मानलं जातं. त्यानंतर त्याच्या कडेवरच नवी विवरं आदळली आणि भिंतीचा तेवढा तेवढा तुकडा गेला. मोठा आघात झाला की जमीन हादरते आणि उतारावरची सैल माती खाली घसरते. शिवाय सुमारे 390 कोटी वर्षांपूर्वी उत्तरेकडे इंब्रियमचं अवाढव्य खोरं घडलं, तेव्हा उडालेला मलबा हजारो किलोमीटर दूर जाऊन पडला. खड्डे भरले, कडा ओरबाडल्या गेल्या.

अशा जुन्या विवरांच्या तळात फिकट सपाटी दिसते. ही ज्वालामुखीची करामत असावी असं बरीच वर्षं वाटायचं. एप्रिल 1972 मध्ये अपोलो 16 चे जॉन यंग आणि चार्ल्स ड्यूक देकार्तच्या उंचवट्यावर उतरले ते ज्वालामुखीचे खडक मिळतील या अपेक्षेने. हाती आले ते बहुतेक आघाताने चिरडून पुन्हा जुळलेले दगड. म्हणजे तिथली सपाटीही मलब्याचीच. देलाँद्रच्या तळाकडे बघताना हे डोक्यात असू द्या.

तारीख ठरवा, पंचांगातून

यासाठी मोबाइलवर अॅप असतात, पण भिंतीवरचं कॅलेंडर पुरेसं आहे. कारण तिथी म्हणजे दुसरं काही नसून सूर्य आणि चंद्र यांच्यातलं कोनीय अंतर: दर 12 अंशांना एक तिथी. चंद्रावरची उजेड-अंधाराची सीमारेषा, जिला हौशी मंडळी सरळ टर्मिनेटर म्हणतात, तीही दिवसाला जवळपास 12 अंशच सरकते. म्हणजे तिथी वाचली की सीमारेषा साधारण कुठे आहे ते कळतं. शुद्ध अष्टमीच्या मध्याला ती चंद्राच्या बरोबर मध्यावर असते. देलाँद्रचा मध्य तिथून पाचेक अंश पश्चिमेला. अष्टमी संपता संपता तिथे सूर्य उगवतो आणि नवमीभर सावल्या लांब राहतात.

तेव्हा नियम असा: रात्री आठच्या सुमारास शुद्ध नवमी चालू असेल ती रात्र धरा. कॅलेंडरवर छापलेली तिथी सूर्योदयाची असते, म्हणून शेजारची समाप्तीची वेळही वाचा. अष्टमी दुपारी चारला संपत असेल, तर त्याच संध्याकाळी नवमी.

यात एक मेख आहे. चंद्र आपल्या दिशेने बघताना किंचित डुलतो, त्यामुळे सीमारेषा दहा-पंधरा तास पुढे-मागे होऊ शकते. म्हणून अष्टमी, नवमी, दशमी अशा तीन संध्याकाळी राखून ठेवा. एखाद्या दिवशी ढग येतातच.

वर्षातला सर्वांत चांगला मुहूर्त म्हणाल तर चैत्र. रामनवमीच्या आसपास अर्धा चंद्र संध्याकाळी महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर असतो, वातावरणाचा थर कमीत कमी आडवा येतो. आश्विनातली नवमी, म्हणजे खंडेनवमी, हवा धुतलेली असते म्हणून छान वाटते, पण तेव्हा चंद्र दक्षिणेला बराच खाली असतो. पहाटे उठणाऱ्यांसाठी वद्य सप्तमी-अष्टमी आहे. तेव्हा प्रकाश उलट बाजूने येतो आणि तेच विवर निराळं दिसतं. गोकुळाष्टमीला मध्यरात्री उगवतो तोच हा चंद्र. श्रावणात तो दिसेल याची हमी मात्र देवकीनंदनही देत नाही.

दुर्बीण आणि गच्ची

70 मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण चालेल. सोबत बहुधा 25 आणि 10 मिलिमीटरचे आयपीस, म्हणजे डोळ्याकडची भिंगं, येतात. 700 मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला त्यांनी 28 आणि 70 पट वर्धन मिळतं. वाट 28 ने शोधायची, विवर 70 ने बघायचं. खोक्यावर छापलेलं पाचशे-सहाशे पट विसरा. तेवढ्यावर चंद्र म्हणजे पाण्यातलं थालीपीठ दिसतं. द्विनेत्रीतूनही अंदाज येतो, पण हात टेकवायला कठडा किंवा तिकाटणं हवं.

70 मिलिमीटरच्या भिंगातून चंद्रावरची साधारण तीन किलोमीटरपर्यंतची वस्तू वेगळी काढता येते. आपलं बुलढाण्यातलं लोणार 1.8 किलोमीटरचं. ते चंद्रावर असतं तर या दुर्बिणीतून खड्डा म्हणून दिसलंच नसतं. लोणारच्या काठावर उभं राहून जो आवाका वाटतो, तो आठवून मग देलाँद्रकडे बघा. त्यात अशी सव्वाशे लोणारं एका रांगेत मावतात.

शहराच्या दिव्यांचा चंद्राला काही त्रास नाही. त्रास आहे तापलेल्या स्लॅबचा. चैत्रात गच्ची रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असते आणि चंद्राची कडा उकळत्या पाण्यासारखी थरथरते. संध्याकाळी गच्चीवर दोन बादल्या पाणी मारा, दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. अंगण किंवा मातीची जागा असेल तर उत्तमच. चंद्र डोक्यावर असताना स्वस्त तिकाटण्यावर दुर्बीण सरळ वर करणं जिकिरीचं होतं, नळी पायाला अडते. थोडं थांबा, चंद्र पश्चिमेला कलू द्या.

दिशा पक्क्या करा

बहुतेकांची वाट इथेच चुकते. काही दुर्बिणी चित्र उलटं दाखवतात, काही डावं-उजवं बदलतात, आणि काही जुन्या नकाशांत चंद्राची पूर्व-पश्चिमही आजच्या उलट असते. म्हणून 'डावीकडे', 'वर' हे शब्दच वापरू नका. शुद्ध नवमीच्या चंद्रावर उजळलेली गोल कड म्हणजे पूर्व. अंधाराची बाजू म्हणजे पश्चिम. काळसर डागांनी भरलेला भाग उत्तर. पांढरा, देवीचे व्रण पडल्यासारखा खडबडीत भाग दक्षिण. आयपीसमधून पाहत मनात चारही दिशा दोनदा म्हणा.

वाट

सीमारेषेच्या साधारण मध्यावर या. तिथे तीन मोठी विवरं उत्तर-दक्षिण ओळीत दिसतील: टॉलेमेयस, अल्फॉन्सस, अर्झाखेल. पहिलं सर्वांत मोठं आणि तळ सपाट. दुसऱ्याच्या मध्ये एक टेकडी. तिसरं लहान, पण भिंती सर्वांत ठसठशीत. ही तिकडी नवख्यालाही पहिल्या झटक्यात सापडते.

तिथून दक्षिणेला सरका, दुसरी तिकडी लागेल: पुरबाख, रेजिओमोंटानुस, वाल्टर. ही लक्षात ठेवायला सोपी आहे, कारण ही गुरुशिष्यांची ओळ आहे. पंधराव्या शतकात पुरबाख व्हिएन्नात शिकवत होते, रेजिओमोंटानुस त्यांचा शिष्य, आणि न्यूरेंबर्गचे वाल्टर हे त्या शिष्याचे शिष्य आणि आश्रयदातेही. तिघंही आकाशात शेजारी शेजारी.

वाटेत पश्चिमेला 'सरळ भिंत' नावाची काळी बारीक रेघ दिसू शकते. 110 किलोमीटर लांबीची, सुरीने ओढल्यासारखी. सुंदर आहे, जरूर बघा. पण तिथे रमून मूळ काम विसरलेला मी एकटाच नाही, तेव्हा परत या.

आता वाल्टरवर थांबा. सुमारे 130 किलोमीटरचं हे विवर, मध्यापासून जरा बाजूला सरकलेला डोंगर ही त्याची खूण. इथून पश्चिमेला, वाल्टरची भिंत ओलांडली की लगेच, तुम्ही देलाँद्रच्या आत आहात.

काही दिसलं नाही ना? बरोबर आहे. आयपीस बदला, 10 मिलिमीटरचा लावा, खुर्ची ओढा.

शेजाऱ्यांवरून घर

पश्चिमेच्या भागात, पूर्णपणे आतल्या बाजूला, एक नीटस गोल विवर दिसेल. ते हेल, 33 किलोमीटर. नाव ऐकून दचकू नका, नरकाशी संबंध नाही. मॅक्सिमिलियन हेल हे जेझुइट खगोलशास्त्रज्ञ, 1769 मध्ये शुक्राचं अधिक्रमण बघायला नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला वार्डोला गेलेले. हेल विवर हा पहिला दगड.

दक्षिणेला, किंचित आग्नेयेकडे, 60 किलोमीटरचं लेक्सेल. त्याची उत्तरेकडची भिंत गेलेली आहे, त्यामुळे ते खाडीसारखं देलाँद्रच्या मैदानाकडे उघडं पडतं. दार उखडलेली खोलीच म्हणा ना. नैर्ऋत्येच्या काठावर बॉल, 40 किलोमीटरचं, खोल आणि मध्ये टेकडी असलेलं. आणि पूर्वेला वाल्टर, जिथून आपण आलो.

आता हे चार ठिपके मनात जोडा. वाल्टरची पश्चिम भिंत, मग लेक्सेल, मग बॉल, मग हेलच्या बाहेरून वळसा घालून उत्तरेला, आणि तिथून रेजिओमोंटानुसच्या बाजूने पुन्हा वाल्टर. या वळशाच्या आत जे सखल, विस्कटलेलं मैदान दिसतं ते देलाँद्र. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच. दोन महिने त्याच्या मधोमध टक लावून बघत होतो.

अगदी नवमी लागतानाची वेळ साधली तर आणखी एक बघायला मिळतं. सूर्य पूर्वेकडून उगवत असतो, त्यामुळे पूर्वेच्या उंचवट्यांची सावली तळावर पश्चिमेकडे पसरते, आणि सीमारेषेच्या पलीकडे, काळोखात, पश्चिम काठाचे उंच भाग आधी उजळतात. सुटे सुटे ठिपके. ते एका कमानीत आहेत हे लक्षात आलं की तुटलेली तटबंदी उभी राहते. या अक्षांशावर सीमारेषा तासाला तेरा-चौदा किलोमीटरने सरकते, म्हणजे आरामात चालवलेल्या सायकलच्या वेगाने. रात्री आठला काळोखात असलेला ठिपका दहाला मैदानाला जोडलेला दिसेल. म्हणून एकदा बघून खाली जेवायला जा आणि पुन्हा वर या.

चित्र काढा

चित्रकला येत नसली तरी काढा. फोटो नंतर. मोबाइल आयपीसला धरून फोटो येतो चांगला, पण तो काढताना आपण मोबाइलकडे बघतो, चंद्राकडे नाही. कागदावर आधी वाल्टर, हेल, लेक्सेल, बॉल यांच्या जागा मांडा. मग सावल्या भरा. शेवटी देलाँद्रची कड, फक्त जिथे खरोखर दिसते तिथेच. दिसत नसेल तिथे रेघ ओढायची नाही, कितीही मोह झाला तरी. चित्रात कड तुटक आली तर चित्र बरोबर आहे. वेळ आणि तिथी लिहा.

याच चित्रावर दुसरा खेळ करता येतो. कोण कोणावर चढलंय ते बघून वयाचा क्रम लावायचा. ज्याने दुसऱ्याची भिंत मोडली ते धाकटं. लेक्सेलने देलाँद्रची भिंत मोडली, वाल्टर त्याच्या काठावर बसलं, म्हणजे दोन्ही देलाँद्रनंतरची. हेल आणि बॉलच्या कडा अजून धारदार, म्हणजे ती आणखी अलीकडची असावीत. पृथ्वीवरून, गच्चीवरून, कुठलाही दगड हातात न घेता एवढं कळतं. भूवैज्ञानिकांनी चंद्राचा कालक्रम लावायला सुरुवात केली ती याच रीतीने. वर्षांचे आकडे आले ते अपोलोने दगड आणल्यावर.

चित्र झाल्यावरच नकाशा उघडा. व्हर्च्युअल मून अॅटलस हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. 2009 पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाची छायाचित्रंही इंटरनेटवर खुली आहेत. आधी नकाशा पाहिलात तर डोळा नकाशाच बघतो.

नाही सापडलं तर

बहुधा दोनपैकी एक झालेलं असतं. एक म्हणजे उशीर: एकादशी-द्वादशीला सूर्य वर चढतो, सावल्या आखडतात आणि देलाँद्र सपाट होऊन जातं. दुसरं म्हणजे फार दक्षिणेला जाणं. तिथे क्लॅव्हियस नावाचं तेवढंच मोठं विवर आहे, तळात लहान होत जाणाऱ्या विवरांची कमान असलेलं. ती कमान दिसली तर तुम्ही वाट ओलांडून पुढे गेलात, उत्तरेला फिरा.

हात बसला की अशीच पडकी विवरं आणखी आहेत. शुद्ध पंचमीला आग्नेयेकडे यान्सेन, त्याच्या आत फाब्रिसियस बसलेलं. अष्टमीला चंद्राच्या मध्याजवळ हिपार्कस: आत हॉरॉक्स, काठावर हॅली. तिन्हींची रीत तीच, मोठं शोधू नका, त्याच्यावर बसलेलं धाकटं आधी शोधा.

पौर्णिमेची भेट

पौर्णिमेला सूर्य चंद्राच्या या बाजूवर थेट समोरून येतो, सावली नावालाही नसते, आणि देलाँद्र चक्क नाहीसं होतं. तरी त्या रात्री त्याच जागी एक गोष्ट बघण्यासारखी असते. तळाच्या मधल्या भागात हेल क्यू नावाचं चारएक किलोमीटरचं कोवळं विवर आहे. नवमीला ते कोणाच्या नजरेत भरत नाही. पौर्णिमेला मात्र त्याच्याभोवतीचा ताजा, पांढरा मलबा असा चमकतो की चंद्रावरच्या सर्वांत उजळ ठिपक्यांत तो गणला जातो. सतराव्या शतकात कासिनी या खगोलशास्त्रज्ञाला तिथे पांढरा ढग दिसल्यासारखं वाटलं होतं, म्हणून त्याला कासिनीचा ठिपका म्हणतात.

शोधायला टायको पकडा. सुमारे 11 कोटी वर्षांचं, चंद्राच्या मानाने कालचं पोर, पांढऱ्या रेघा फेकणारं. तिथून उत्तरेला, थोडं ईशान्येकडे, टायकोच्या रुंदीच्या चौपट अंतर गेलं की तो ठिपका. उजेडाने डोळे दिपले तर दुर्बिणीच्या झाकणाला मध्ये लहान भोक असतं, त्याचं छोटं टोपण काढून मुख्य झाकण लावूनच बघा. कोजागिरीला सगळं घर गच्चीवर असतं, दुर्बीण आधीच लावून ठेवा. दूध आटेपर्यंत वेळ असतोच.